वीस वर्षांपूर्वीचा किराण्याचा किंवा पेट्रोलचा भाव आजच्या भावाशी कसा ताडून पाहावा?

जुन्या भावाला आजच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने (घरखर्चाच्या वस्तू-सेवांच्या सरासरी भावाचं सरकारी माप) गुणा, त्या वर्षीच्या निर्देशांकाने भागा आणि येणारा आकडा आजच्या भावाशी ताडून पाहा. समजा तेव्हा निर्देशांक 80 होता, आज 200 आहे आणि वस्तू 40 ला मिळायची: 40 × 200 ÷ 80 = 100. आज ती 90 ला मिळत असेल, तर आकडा दुपटीहून मोठा दिसला तरी बाकी महागाईच्या मानाने ती स्वस्तच झाली. दोन्ही निर्देशांक एकाच पायाभूत वर्षाचे (म्हणजे ज्या वर्षाचा आकडा 100 धरतात त्याचे) हवेत, नाहीतर जोडगुणक, म्हणजे जुन्या मालिकेचा आकडा नव्या मालिकेत बदलणारा गुणक, लावावा लागतो. इथे गणित सहज चुकतं.

किराण्यात पाकिटाचा भाव धरू नका, किलोचा किंवा लिटरचा धरा. किंमत तीच ठेवून 500 ग्रॅमचं पाकीट 400 ग्रॅमचं केलं की भाव सरळ 25 टक्के वाढतो, 20 नव्हे. पाकिटावरचं निव्वळ वजन वाचाच!

इंधनाचं गणित वेगळं. कच्चं तेल जुलै 2008 मध्ये पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढलं, आणि 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी तेलाच्या वायद्याचा (पुढे द्यायच्या तेलाच्या आधीच ठरवलेल्या सौद्याचा) भाव चक्क शून्याखाली गेला. पंपावर मात्र इतकी घसरण कुठेच दिसली नाही, कारण शुद्धीकरण, वाहतूक, वितरण आणि दर लिटरमागे ठरलेला कर हे खर्च तेलाबरोबर उतरत नाहीत.

फक्त एक ध्यानात ठेवा: निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. मिळकतीतला मोठा वाटा अन्नावर जात असेल, तर सोसावी लागणारी महागाई त्याहून बरीच वेगळी असू शकते.