टायरवर बावन्न हजार? तुमच्या रस्त्याला तीस पुरे

चिपळूणच्या एका वाचकाने विचारलंय. गाडी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, टर्बो. रोज चिपळूण ते लोटे आणि परत, अधूनमधून कुंभार्ली घाटातून कराड. वर्षाला साधारण १४,००० किलोमीटर. टायर गोटे झालेत. दुकानदाराने चार टायरचे फिटिंगसकट तीन भाव दिलेत: साधे २२,४००, मधले ३०,०००, ‘समर परफॉर्मन्स’ ५२,०००. मन तिसऱ्यावर बसलंय. बाजूला काढलेले २०,००० आहेत, आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चाइतका. बाकीसाठी ५,००० ची एसआयपी सहा महिने थांबवू, की ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेऊ? की पुढचेच दोन भारी टाकू आणि मागचे राहू देत?

एसआयपीकडे नंतर येतो. आधी टायर.

‘समर’ या शिक्क्याला भुलू नका. युरोपात थंडीचे टायर वेगळे असतात, सात अंशांखाली चालवायचे, म्हणून उरलेल्यांना समर म्हणायचं. आपल्याकडे विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक टायर त्याच जातीचा. पैसे मोजायचे ते रबराचे आणि नक्षीचे. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं आणि तितक्याच लवकर झिजतं. बऱ्याच टायरच्या कडेला ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो. तो दोनशे-तीनशेच्या घरात असेल तर टायर मऊ, चारशेच्या पुढे टिकाऊ. आकडा कंपनी स्वतःच लावते, तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करताना जरा सैल हाताने घ्या.

आता तुमच्या वापराचा हिशोब. माझ्या अंदाजाने साधा संच साडेतीन वर्षं जाईल, मधला तीन आणि परफॉर्मन्सचा जेमतेम दोन. म्हणजे वर्षाला अनुक्रमे ६,४००, १०,००० आणि २६,०००. साध्यावरून मधल्यावर जायला महिन्याला ३०० रुपये जास्त पडतात. मधल्यावरून वर चढायला १,३०० च्या पुढे.

ते ३०० रुपये मी डोळे मिटून देईन. लोट्याच्या वाटेवर परशुराम घाटात पहिल्या पावसाला जांभ्याची लाल माती रस्त्यावर येते, पुढचा ट्रक अचानक ब्रेक मारतो, आणि तिथे ओल्या रस्त्यावरची पकडच कामी येते. दुकानदाराला सरळ विचारा, यातला पावसात कुठला चांगला? वरचे १,३०० मात्र कोरड्या रस्त्यावर वळणं वेगात कापण्यासाठी आहेत. जून ते सप्टेंबर तो वेग तुम्हाला मिळणार नाही आणि एरवी ट्रकांमागे मिळत नाही. हौसेला माझा विरोध नाही. तुमच्याच गाडीचं पेट्रोल वर्षाला लाखाच्या घरात जातं, तीही हौसच की. पण आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चाइतकाच असताना ही दुसरी हौस परवडत नाही.

पुढे दोन भारी, मागे गोटे हा बेत तर सोडूनच द्या. पुढची चाकं ओढतात म्हणून नवे टायर पुढे, असं सगळ्यांना वाटतं. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. कधी दोनच टायर घ्यायची वेळ आली, तर नवे मागे आणि त्यातल्या त्यात बरे जुने पुढे. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. आपल्या पावसात मी तीन मिलिमीटरलाच टायर बदला म्हणेन.

दुकानदार १७ इंची अलॉय चाकंही सुचवतोय, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तुमच्या १९५/५५ आर १६ टायरची (१९५ मिलिमीटर रुंद, कड त्याच्या ५५ टक्के, चाक १६ इंची) कड सुमारे १०७ मिलिमीटर उंच आहे. २१५/४५ आर १७ मध्ये ती ९७ वर येते. खड्ड्यात ते दहा मिलिमीटर रिमला वाचवतात. शिवाय नेहमीच्या मोटर पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं तरच टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत भरपाई. वेगळं टायर कव्हर घेतलेलं नसेल तर खड्ड्याचा भुर्दंड तुमचाच. आणि असा बदल विमा कंपनीला न कळवता केला तर दाव्याच्या वेळी वाद होतो.

पैशांचं आता सोपं झालं. ३०,००० मधून तुमचे २०,००० वजा, उरले १०,०००. ते आपत्कालीन निधीतून उचला आणि दोन-तीन पगारांत परत भरा. एसआयपीला हात लावू नका. थांबवलेली एसआयपी सातव्या महिन्यात आपोआप आठवत नाही. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज बहुधा किमतीत मुरवलेलं असतं किंवा रोखीची सूट कापून वसूल होतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. रोखीने काय द्याल, एवढं विचारून बघा, आकडा लगेच खाली येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा बिलात कराचा दर वाचा.

पुढच्या संचासाठी आत्तापासून महिन्याला ८५० ची आरडी लावा. तीन वर्षांत तीस हजार जमतात.

खरेदी आगोटीतच, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीतच उरका, मिरच्या-मसाल्याच्या जोडीने. जूनमध्ये दुकानात रांग लागते आणि हवा तो टायर मिळेलच असं नाही. बसवण्याआधी कडेवरचा चार आकडी शिक्का बघा: १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा, नाहीतर भाव पाडा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि चारही टायरचे नंबर बिलावर लिहून मागा. वॉरंटीच्या वेळी दुकानदार पहिलं तेच विचारतो.