शिरपूरच्या भावाला, कार्ल्सरूहहून

भाऊ, टेराहर्ट्झवर (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या लहरींवर) पीएचडी करायला बायको आणि दुसरीतल्या मुलाला घेऊन इथे जर्मनीत, कार्ल्सरूहला यावं का, असं तू विचारलंस. व्हिसा, पगार, विमा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडते.

विषय जीव लावण्याजोगाच आहे. इथली कारा ही 110 मीटर परिघाची स्टोरेज रिंग, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरत ठेवणारं यंत्र. एरवी बंचमधले, म्हणजे एका पुंजक्यातले, इलेक्ट्रॉन आपापल्या कलेने प्रारण सोडतात, म्हणून तीव्रता त्यांच्या संख्येच्या पटीत वाढते. बंच तरंगलांबीहून आखूड केला (1 टेराहर्ट्झला ती 0.3 मिलिमीटर) की सगळ्यांच्या लहरी भजनातल्या टाळांसारख्या एकत्र पडतात आणि तीव्रता संख्येच्या वर्गाच्या पटीत जाते. बंचमध्ये इलेक्ट्रॉन कोट्यवधी, तेव्हा फरक तूच मांड. त्यासाठी रिंग 2.5 ऐवजी 1.3 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेवर चालवतात. मात्र बंचमध्ये गर्दी वाढली की तो स्वतःच्याच प्रारणाने अस्थिर होतो आणि टेराहर्ट्झ झटक्याझटक्याने येतं. ते झटके मोजताना रात्र कधी सरली कळत नाही.

तरी आधी परवानगी काढून इंदूरची इंडस-2 ही अशीच रिंग बघ. ऊर्जा तिचीही 2.5 जीईव्ही, आणि तुला आग्रा रोडने सेंधव्यावरूनच जायचंय. मन तिथेच रमलं तर आईवडिलांजवळ राहशील.

कागदांत मला नावाने छळलं. मार्कशीटवर आडनाव आधी, जन्मदाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. ही बाई एकच, हे इथल्या एका कार्यालयाला पटवण्यात अख्खा हिवाळा गेला. बायकोचे दाखले तिकडेच सारखे करून घे.

एकटेपणा येतो, सवय होते. त्यापायी अडू नको.

मुलाचं मात्र नीट ऐक. इथे चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. विद्यापीठाची सरळ वाट गिम्नाझियममधून. माझी लेक तिसरीत आली. गणितात पुढे, जर्मन कच्चं. चौथीत बाईंनी रेआलशूले, म्हणजे गिम्नाझियमच्या खालची मधली शाळा, सुचवली. पुढे शाळा बदलता येते, हे खरं आहे. पण "तिला तिथे झेपेल" हे बाईंचं वाक्य अजून माझ्या घशात अडकलंय. अमळनेरला आजीच्या मांडीवर ती अहिराणी बोलत पाढे म्हणायची, तेव्हा तिला कुणी कच्ची म्हटलं नव्हतं. माझ्या इलेक्ट्रॉनच्या बीमसाठी लेकीची वाट वळवली का, असं नवरा कधी विचारत नाही. मीच विचारते.

यंदाच येणार असशील तर मुलाला वेळ मिळेल. वर्षभर थांबणार असशील तर जर्मनची शिकवणी आधी त्याला लाव, तुझं नंतर बघ.