‘म्हणजे ताडीवाले?’

प्रश्न : मी केरळातल्या कण्णूरची, तिय्या जातीची. जात कळली की लोक ‘म्हणजे ताडीवाले!’ म्हणतात, नाहीतर केरळातल्याच दुसऱ्या जातीचं नाव घेऊन ‘ईळवाच ना?’ काय सांगावं?

उत्तर : अगं, मीही तलश्शेरीची, तिय्याच. माझे आजोबा ताडी काढायला माडावर चढायचे, कमरेला सुरी लावून. ते मी आधीच सांगून टाकते. चिडवणाऱ्याची हवाच जाते. आईकडचे मात्र वैद्य! सरकारदरबारी आपल्याला ईळवांसोबत धरतात, म्हणून तो दुसरा गोंधळ. पण उत्तर मलबारात आपलं घराणं आईकडून चालायचं, हे ऐकल्यावर बरेच जण गप्प बसतात. तरी कुणी खोदलंच, तर त्याला कण्णूरजवळच्या परश्शिनिक्कडवला, मुत्तप्पन देवाच्या देवळात ने. मुत्तप्पनाला ताडी आणि सुकी मासळी चालते, देवळात कुत्री बिनधास्त हिंडतात, आणि येईल त्याच्या हातावर उकडलेलं कडधान्य, सोबत चहा.