पिशवी सरकत नाही, ताई

पत्र : माझी मुलगी नववीत आहे, तिहेरी उडी मारते. तालुक्यात पहिली आली. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी शाळेतल्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'वहिनी, वयात आलेल्या मुलींनी इतक्या उड्या मारल्या की पिशवी सरकते, पुढे मूल राहायला त्रास होतो. हिला कॅरममध्ये घालू.' सासूबाईंनी तेच उचलून धरलंय. पाळीत मैदान तर बंदच. नवरा म्हणतो, कशाला विषाची परीक्षा? मी काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई,

आधी पिशवीचं. मुठीएवढं गर्भाशय ओटीपोटात, हाडांच्या कड्याच्या आत असतं. खालून स्नायूंनी उचललेलं, बाजूंनी बंधांनी धरलेलं. निरोगी मुलीचं ते उड्या मारून जागचं हलत नाही आणि पुढे मूल होण्यातही उडी आड येत नाही. (हादऱ्यांचीच धास्ती असेल, तर उघड्यावर लोंबणारे अवयव पुरुषांचे. त्यांना कुणी कॅरमला बसवलेलं ऐकलं नाही.)

तरी सासूबाईंना हसू नका. एखादीचं 'अंग बाहेर आलेलं', म्हणजे गर्भाशय खाली उतरलेलं, त्यांनी पाहिलं असेल. ते होतं, पण मुख्यतः बाळंतपणांमुळे. लागोपाठची, अडलेली बाळंतपणं, ओल्या बाळंतिणीनं उचललेली ओझी, जुनाट खोकला, उतारवय. त्यांनी पाहिलेल्या बाईची कहाणी त्यांच्याचकडून ऐका. त्यात मैदान कुठे येतंय का, ते त्यांनाच दिसेल.

सरांचं म्हणणं मात्र जुनं आहे आणि बड्या लोकांच्या तोंडून आलेलं आहे. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेनं विश्वविक्रम केला, अंतिम शर्यतीतल्या नऊही जणींनी अंतर पुरं केलं. पण शेवटी काही जणी धापा टाकत खाली पडल्या, आणि तेवढ्यावरून बायकांना हे झेपत नाही अशी ओरड वर्तमानपत्रांनी केली. शर्यत रद्द झाली ती थेट 1960 ला परत आली. तुमच्या लेकीची तिहेरी उडी पुरुषांसाठी 1896 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, बायकांना ती मिळाली 1996 ला. आणि 2005 सालीसुद्धा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष म्हणत होते की, पायाला स्की (बर्फावर घसरायच्या पट्ट्या) बांधून उंचावरून उडी घेणं वैद्यकीय दृष्ट्या बायकांना योग्य वाटत नाही. 2014 मध्ये बायका त्याच उड्या मारत ऑलिम्पिकमध्ये उतरल्या.

इतकं लांब कशाला, तुमच्याच जिल्ह्यातली ललिता बाबर 2016 ला रिओमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. त्या शर्यतीत अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारतच धावावं लागतं. मेरी कोम बॉक्सिंगची जगज्जेती आधी झाली, आई नंतर, आणि मुलं झाल्यावर 2012 ला ऑलिम्पिकचं कांस्य घेऊन आली.

पाळीत पळायचं की नाही, हे मुलीनं ठरवायचं. पोट दुखत असेल तर बसेल, नसेल तर उडी मारेल. पळण्यानं अपाय होत नाही, उलट काहींना हालचालीनं बरं वाटतं.

काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करा. सराव जास्त आणि जेवण कमी असलं की पाळी बंद पडू शकते, हाडं कमकुवत होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही, फार रक्त जातंय किंवा सारखा थकवा आहे, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा. सरावाहून आलेल्या मुलीला सगळ्यांची पंगत उठेपर्यंत थांबवू नका. अंडी, डाळ, शेंगदाणे, पोटभर भाकरी तिला आधी वाढा.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंनाही न्या आणि पिशवीचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. तुमच्या-माझ्यापेक्षा डॉक्टरीणबाईंचं उत्तर त्यांना पटेल.

शाळेत मात्र नवऱ्याला घेऊन जा. भांडू नका. नाव वगळायचं असेल तर वैद्यकीय कारण मुख्याध्यापकांच्या सहीनं लेखी द्या, एवढंच मागा. वहिनींना बाजूला घेऊन जे सांगता येतं, ते कागदावर उतरवताना सरांचा हात अडखळेल असा माझा अंदाज आहे.