बाजेवरचा माणूस

"ह्यांना तुम्हाला एकच विचारायचंय, ताई," बाई म्हणाल्या. "पण विचारता येत नाही."

शेजारी त्यांचे यजमान बसले होते. उजवा हात मांडीवर होता, तोही डाव्या हातानं उचलून ठेवलेला. वय साठीच्या आसपास. चर्चच्या मंडळीत पंचवीसेक वर्षं प्रार्थना चालवणारे. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं गेलं, कुणाचं लग्न ठरलं की आधी ह्यांना बोलावणं जायचं. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. पाय बऱ्यापैकी परत आला, हात थोडासा. वाचा जवळजवळ आलीच नाही. दिवसाला पाच-सहा शब्द निघतात, त्यातले निम्मे भलतेच.

त्यांनी पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. खूण घातलेलं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लूकचं शुभवर्तमान, पहिला अध्याय, विसावं वचन. मंदिरातला याजक जखऱ्या. देवदूतानं मुलगा होईल असं सांगितलं, त्यानं शंका घेतली, म्हणून त्याची वाचा गेली. दूताचे शब्द स्पष्ट आहेत: तू माझ्या वचनांवर विश्वास ठेवला नाहीस, म्हणून तू मुका राहशील.

तेच बोट त्यांनी स्वतःच्या छातीवर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

हा प्रश्न मला नवा नव्हता. कधी तो कर्करोगाच्या तोंडून येतो, कधी नैराश्याच्या, कधी मूल न होण्याच्या. 'माझा विश्वास कमी पडला का? मग देवाच्या राज्यात माझी जागा आहे की नाही?' पण इतक्या नेमक्या वचनाचा पुरावा घेऊन, एकही शब्द न बोलता, तो कुणी माझ्यापुढे ठेवला नव्हता. (दोघांच्या परवानगीनं हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती सांगून टाकते. माझ्याकडे तयार वचन होतं. प्रेषित पौलानं 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर मिळालं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' मी ते म्हटलं, वर आणखी जोडलं, "तुमचं मौनसुद्धा कुणाला तरी साक्ष ठरेल." त्यांनी डाव्या हातानं टेबलावर जोरात थाप मारली. बाई दचकल्या. ते रडायला लागले. पक्षाघातानंतर रडू पटकन येतं आणि लवकर थांबत नाही, हे मला माहीत होतं. पण ते रडणं फक्त मेंदूच्या इजेचं नव्हतं, हेही कळलं.

घरी जाऊन त्या थापेचा विचार केला. माणसाचं सगळं हातून गेलेलं असताना मी त्याला एक नवं काम देऊ पाहत होते. बोलून सेवा करता येत नाही ना, मग गप्प राहून कर. दुखणं वाया घालवू नकोस, त्याचाही उपयोग कर. आम्ही ख्रिस्ती लोक हे फार सहज करतो आणि त्याला सांत्वन म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यात एवढंच ऐकू येतं की उपयोग असेल तरच जागा आहे.

दुसऱ्या भेटीपासून मी आधी आजाराकडे वळले. त्यांना झालेल्या त्रासाला वाचाघात म्हणतात. 1861 मध्ये पॉल ब्रोका ह्या फ्रेंच डॉक्टरनं अशाच एका रुग्णाची नोंद केली. त्या माणसाला समजायचं बरंच, पण तोंडातून 'टॅन' एवढंच निघायचं. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. शब्द शोधून ते जुळवण्याच्या कामात त्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथं रक्त पोचलं नाही की शब्द अडतात. बुद्धी तिथेच असते, आठवणी असतात, श्रद्धाही असते. मी कागदावर मेंदूचं ओबडधोबड चित्र काढलं आणि विचारलं, "गुठळी व्हायच्या आधी एखादा दूत येऊन काही सांगून गेला होता?" त्यांनी मान हलवली, नाही. "रक्तदाबाच्या गोळ्या?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते. गोळ्या महिनोन्महिने बंद होत्या. दूत नव्हे, रक्तदाब येऊन गेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं.

मग जखऱ्याकडे परत गेलो, कारण तो प्रश्न टाळून चालणार नव्हता. त्याच अध्यायात सहाव्या वचनात जखऱ्या आणि अलीशिबा ही दोघं देवाच्या दृष्टीनं नीतिमान होती असं लिहिलंय. त्याचं मुकेपण एका ठरावीक निरोपाशी बांधलेलं होतं आणि त्याची मुदतही ठरलेली होती. मुलाचं नाव योहान असं त्यानं पाटीवर लिहिलं आणि त्याची जीभ मोकळी झाली. एका माणसाच्या एका प्रसंगावरून प्रत्येक मुक्या माणसाचा निकाल लावायचा, तर योहानाच्या शुभवर्तमानातल्या (हा योहान वेगळा) नवव्या अध्यायाचं काय करायचं? जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, ह्यानं की आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही.

'विश्वासानं मागितलं असतं तर एव्हाना बोलायला लागला असतात,' असं भेटीला आलेल्या एकानं त्यांना ऐकवलं होतं. मी त्यांना पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटची एक ओळ दाखवली. त्या ओळीवर सहसा कुणी प्रवचन करत नाही. पौल लिहितो, त्रफिम आजारी पडला, त्याला मी मिलेत येथे ठेवून आलो. एवढंच. विश्वास कमी होता म्हणून बरा झाला नाही, असा एक शब्दही नाही. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांच्या पुस्तकात आहे, तोच पौल सोबत्याला आजारी सोडून पुढे जातो. त्यांनी ती ओळ तीन वेळा वाचली. पेन्सिल मागून घेतली आणि डाव्या हातानं खाली वाकडी रेघ ओढली.

एवढ्यानं प्रश्न सुटला असं नाही. 'ही शिक्षा नाही' हे पटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: मग मी आता कोण?

पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येतं. म्हणून मी सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का?" त्यांनी हात आडवा हलवला, कधी कधी. आमची तीनच उत्तरं ठरली होती, हो, नाही, कधी कधी. त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, औषध सुरू झालं, वाचोपचार बंद पडले होते ते पुन्हा चालू केले. हे सगळं प्रार्थनेच्या आधी की नंतर, असा वाद काही घरांत होतो. मला तो वाद कधी कळलेला नाही.

चौथ्या भेटीत मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. येशू एका घरात बोलतोय. घरात गर्दी, दारापाशीही जागा नाही. चौघेजण एका माणसाला बाजेवर घालून आणतात, छप्पर उसकून बाज खाली सोडतात. मराठी शास्त्रात त्या माणसाला 'पक्षघाती' म्हटलंय. ह्यांच्या दवाखान्याच्या फायलीवर 'पक्षाघात'. ते त्यांच्याही लक्षात आलं. पाटी ओढून त्यांनी चार उभ्या रेघा काढल्या आणि मधे एक आडवी. मी विचारलं, "ह्यात तुम्ही कुठे?" त्यांनी एका उभ्या रेघेवर बोट ठेवलं. बरोबरच होतं. आयुष्यभर ते बाज उचलणाऱ्यांतले होते. मग हळूच बोट आडव्या रेघेकडे सरकलं आणि तिथे टेकायच्या आधीच मागे आलं.

"तो उठला," त्यांना म्हणायचं होतं. शब्द आला नाही, म्हणून त्यांनी हातानं उठल्याची खूण केली आणि मग स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून मान हलवली. मुद्दा रास्त होता. गोष्टीतला माणूस शेवटी बाज उचलून चालत जातो. हे अजून बसलेच आहेत.

मी म्हटलं, शेवट राहू द्या. तो उठायच्या आधी काय होतं ते बघू या. त्या माणसाच्या तोंडी अख्ख्या प्रसंगात एकही वाक्य नाही. त्यानं कबुली दिली नाही, मागणं मागितलं नाही. मार्क लिहितो, येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला, म्हणजे छपरावरच्या मंडळींचाही. आणि पहिला शब्द काय उच्चारला? 'मुला.' बाज अजून जमिनीवर आहे, पाय अजून लुळे आहेत, शास्त्र्यांची, म्हणजे तिथे बसलेल्या धर्मपंडितांची, मनातली कुरकुर अजून सुरूही झालेली नाही. उठण्याचा हुकूम पुढे, अकराव्या वचनात येतो. 'मुला' पाचव्यात येऊन गेलेलं असतं. तो घरचा झाला तेव्हा आडवाच होता.

ते बराच वेळ गप्प होते. त्यांचं गप्प असणं आणि शब्द शोधत असणं ह्यातला फरक मला एव्हाना कळायला लागला होता. हे गप्प बसणं होतं.

बाई मात्र रडत होत्या. त्या रडतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आठ महिने त्यांनी ती बाज एकटीनं उचलली होती. आंघोळ, औषधं, वाचोपचार, भेटीला येणाऱ्यांसमोर हसू. त्या म्हणाल्या, "ताई, चौघं होते ना तिथे?" पुढची पूर्ण भेट आम्ही बाकीचे तिघं शोधण्यात घालवली. धाकट्या भावाकडे आठवड्यातले दोन दिवस गेले. पाळकांनी मंडळीतल्या दोघांना तयार केलं. त्यांना मी एवढंच शिकवलं: एका वेळी एकानंच बोलायचं, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायचं, आवाज चढवायचा नाही कारण ते बहिरे नाहीत, आणि त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. शेवटचं सगळ्यांना जड गेलं. प्रार्थना करणाऱ्या माणसांना शांतता सहन होत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रार्थनेचं काय, हे राहिलंच होतं. शब्दांशिवाय प्रार्थना होते का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. पौलाच्या रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात आहे की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः 'अनिर्वाच्य कण्हण्याने' मध्यस्थी करतो. अनिर्वाच्य म्हणजे शब्दांत न मावणारं. मी त्यावर जास्त बोलले नाही. पंचवीस वर्षं सुंदर शब्दांत प्रार्थना केलेल्या माणसाला कण्हणं पुरतं, हे दोन भेटींत पटणार नाही. कधी कधी ते अजूनही चिडतात. पाटी फेकतात. एका भेटीला आलेच नाहीत.

वाचाघातात एक गोष्ट पुष्कळदा दिसते. नवं वाक्य जुळत नाही, पण वारांची नावं, आकडे, गाणी, लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना निघतात, विशेषतः इतरांबरोबर. वाचोपचारतज्ज्ञांनी तेच सुचवलं. पण ते उपासनेला जायला तयार नव्हते. लोक आपल्याकडे बघतील ह्याची भीती नव्हती. पुढे उभं राहून बोलायला कुणी बोलावणार नाही, हे सोसायचं नव्हतं. हे कळायला मला सहा भेटी लागल्या.

दहाव्या भेटीनंतर ते उपासनेला गेले. मागच्या बाकावर बसले. बाईंनी फोनवर सांगितलं ते असं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' त्यांच्या तोंडून स्पष्ट निघालं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं तर तुटेल म्हणून. 'तुझे राज्य येवो' इथपर्यंत आले आणि अडकले. पुन्हा 'राज्य', पुन्हा 'राज्य'. बाकीचे पुढे गेले. बाईंना वाटलं, आता उठून बाहेर जातील. ते बसूनच राहिले, डोळे मिटून. सगळ्यांनी रोजची भाकर, ऋणांची क्षमा, सगळं मागून घेतलं.

'आमेन' मात्र त्यांनी म्हटलं. सगळ्यांच्या थोडं मागून, आणि जरा मोठ्यानंच.