जुन्या बाईकच्या इंजिन ऑइलमध्ये ॲडिटिव्हची बाटली टाकावी का?

तुमची 100 सीसीची गाडी 62,000 किलोमीटर चालली, इंजिनचा आवाज वाढला, थोडा धूरही दिसतो, आणि स्पेअर पार्टवाला म्हणतो की ऑइलमध्ये ॲडिटिव्हची, म्हणजे वरून मिसळायच्या औषधाची बाटली टाका, इंजिन नव्यासारखं होईल. माझं उत्तर आहे, टाकू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात 17 वर्षांपासून गॅरेज चालवतो. पेरणीच्या दिवसांत एक कास्तकार गाडी ढकलत घेऊन आले, मागे खताची दोन चुंगडी बांधलेली. म्हणाले, "रेस तं घेते भाऊ, पन गाडी पुढं सरकूनच नाही राहिली." क्लच केबल पाहिली, तिचा प्ले, म्हणजे ढील बरोबर होती. कव्हर खोललं. प्लेटा जळलेल्या नव्हत्या, झिजलेल्याही नव्हत्या, पण एक प्लेट बोटांत धरली तर साबणाच्या वडीसारखी निसटत होती. विचारलं तेव्हा कळलं, चार दिवसांआधी ऑइल बदलताना अशीच एक बाटली टाकली होती. आम्ही दोनदा नवं ऑइल भरून चालवून पाहिली. मोकळी गाडी चालायची, वजन घेतलं की पुन्हा स्लिप. शेवटी अख्खा प्लेट सेट बदलावा लागला, आणि तोही पेरणीच्या तोंडावर, जेव्हा घरात एकेक रुपया मोजून ठेवलेला असतो.

याचं कारण समजून घ्या. मोटारकारचा क्लच सहसा इंजिन ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. आपल्या बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच ऑइलमध्ये बुडालेले. पिस्टनला घसरण पाहिजे, पण क्लचच्या प्लेटांना एकमेकींची पकड पाहिजे. घर्षण कमी करणारं औषध टाकलं तर ते पिस्टन ओळखून तिथंच थांबत नाही, प्लेटांवरही बसतं. याच कारणाने जपानमध्ये 1998 साली बाईकच्या ऑइलसाठी जासो नावाचं वेगळं मानक आलं. डब्याच्या मागे बघा, जासो एमए किंवा एमए 2 लिहिलेलं असेल तर ते ओल्या क्लचसाठी आहे. एमबी हे कमी घर्षणाचं, बिनगिअरच्या स्कूटरसाठी. हा शिक्का कंपनीने बनवलेल्या ऑइलचा असतो. तुम्ही त्यात काही मिसळलं की तो शिक्का तुमच्या इंजिनमधल्या मिश्रणाला लागू राहत नाही.

आणि चांगल्या ऑइलमध्ये काही कमी असतं म्हणून बाटली टाकायची, असंही नाही. मळ सोडवणारं, काजळी तरंगती ठेवणारं, फेस थांबवणारं, धातूवर थर धरणारं जस्त-फॉस्फरसचं रसायन, हे सगळं कारखान्यातच मोजून टाकलेलं असतं. त्यातलं एकच वाढवलं तर बाकीच्यांचा मेळ बिघडतो. सायलेन्सरच्या बाजूला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर जादा फॉस्फरस त्या कन्व्हर्टरलाही खराब करतो.

टेफ्लॉन किंवा मॉलिब्डेनमची भुकटी असलेल्या बाटल्यांबद्दल एक गोष्ट मला रोज हाताखाली दिसते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदाचा ऑइल फिल्टर नसतो. उजव्या कव्हरमागे, क्रँकच्या टोकाला एक गोल डबी फिरते. ऑइलपेक्षा जड कण गरगर फिरवून कडेला चिकटवणं, हेच तिचं काम. मग पैसे देऊन टाकलेली भुकटी कुठं जाऊन बसणार? अमेरिकेत स्लिक 50 नावाचं टेफ्लॉनवालं औषध फार गाजलं होतं. इंजिनची झीज कमी होते या त्याच्या जाहिरातींवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1996 मध्ये खटला केला, आणि 1997 मध्ये कंपनीला पुराव्याशिवाय असे दावे न करण्याचं कबूल करावं लागलं.

धूर बंद करणाऱ्या घट्ट औषधाची बाटली काही दिवस काम केल्यासारखं दाखवते, हे खरं. ऑइल जाड झालं की आवाज दबतो. पण डिसेंबरच्या सकाळी तेच जाड ऑइल हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात उशिरा चढतं, आणि पिस्टनची रिंग झिजली असेल तर ती झिजतच राहते.

आपल्या भागात इंजिनला खरं खातं ते धूळ आणि ऊन. पांदण रस्त्याने रोज शेतात जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर काढून पाहा, काळ्या मातीचा थर असतो. फाटक्या फिल्टरमधून ती माती आत गेली की रिंग आणि बोअर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी) कानशीने घासल्यासारखे झिजतात. कागद तेलकट असलेला फिल्टर असेल तर त्याला हवा मारू नका, सरळ नवा टाका. बाटलीच्या पैशात बहुतेक तेवढं होऊन जातं. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं घ्या, सीलबंद घ्या, सुटं नको. धुळीत आणि वजन घेऊन चालणाऱ्या गाडीचं मी 2,500 किलोमीटरला बदलतो, एप्रिल-मे महिन्यांत तर एक दिवसही पुढे ढकलत नाही. आणि दर रविवारी स्टिक काढून लेव्हल पाहा. माझ्याकडे जाम होऊन आलेली बहुतेक इंजिनं ऑइल संपल्यामुळेच गेलेली होती.

राहिला तुमचा धूर. सकाळी पहिल्या किकला भपकन निळा येऊन बंद होत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील, ते काम लहान आहे. रेस दिली की सतत निळा येत असेल तर रिंग किंवा बोअर. आवाज वरून टकटक येत असेल तर आधी थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. ऑइल काढाल तेव्हा ते पांढऱ्या ताटलीत उन्हात धरून पाहा. चमचम करणारे कण दिसले तर गाडी चालवणं थांबवा आणि मिस्त्रीकडे इंजिन खोलून घ्या. धूर नेमका कधी येतो ते पाहून इथं लिहा, पुढचं सांगतो.