पाकीट नको म्हणतो, मग द्यावं काय?

प्रश्न : ताई, ज्येष्ठातल्या एका सकाळी ह्यांच्या हातून चहाचा कप निसटला. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. मला वाटलं फिट. मी कांदा शोधत बसले! शेजारचा गॅरेजवाला मुलगा धावत आला, दुधाच्या वहीवर ‘६.४०’ लिहिलं आणि गाडी काढली. निघाला पक्षाघात, मेंदूत रक्ताची गुठळी. सीटी स्कॅन, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन... आज हे शर्टाची बटणं स्वतः लावतात, वरचं एक सोडून. मुलगा पाकीट घेत नाही. उपकार कसे फेडू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पाकीट कपाटात ठेवा. गाडी कुणीही काढली असती; वेळ लिहिली, ते त्याचं खरं काम. ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून डॉक्टर आधी ‘कधी सुरू झालं?’ विचारतात. घाबरलेल्या घरात ते कुणाला आठवतंय! (कांद्याचं मनाला लावून घेऊ नका. माझ्या सासूबाईंनी चप्पल हुंगवली असती.) ह्यांना एकदा गॅरेजपर्यंत चालत जाऊ द्या, तुम्ही मागे राहा. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणि यंदा गणपतीत आरतीचं ताट त्या मुलाच्या हाती द्या.